संशय आणि पुरावा : रोलप्लेइंग गेममधील कटकथेविषयी

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेमला कथनप्रकार म्हणावे की नाही, असा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. येथे पूर्ण लिहिलेली संहिता नसते, एकटा लेखक नसतो आणि निव्वळ वाचक म्हणावा असाही कोणी नसतो. चार-पाच माणसे एकत्र बसतात. त्यांतील एक जण 'गेममास्टर' होतो. जग, त्यातली गावे, राजे, चोर, व्यापारी, पाऊसपाणी हे सारे त्याच्या ताब्यात. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि 'मी दार ढकलतो', 'मी पहारेकऱ्याशी खोटे बोलतो' असे सांगत ते चालवतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा प्रकार रूढ आहे. एकच कथा बैठकीमागून बैठक, कधी वर्षानुवर्षे, चालत राहिली की तिला 'कॅम्पेन' म्हणतात.

या प्रकारातील कटकथेविषयी येथे लिहायचे आहे. गुहेतला ड्रॅगन आणि सिंहासनामागचे कारस्थान यांत एक मूलभूत फरक आहे. ड्रॅगन समोर येतो, आग ओकतो, त्याच्या असण्याविषयी वाद उरत नाही. कट मात्र खुणांमधूनच जाणवतो : एखादे पत्र, एखादा अनपेक्षित मृत्यू, कोणाचे तरी अकारण मौन. खेळाडू या खुणा जुळवून तर्क बांधतात. हा तर्क बरोबर की चूक, हे ठरवायचे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर कटकथा चालवणाऱ्या गेममास्टरला द्यावेच लागते, आणि माझ्या मते त्यात तंत्राइतकाच नीतीचाही भाग आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : कट कोणाचा, कशासाठी, हे गेममास्टरने आधी ठरवलेले असले पाहिजे आणि खेळाडूंना चुकण्याची पूर्ण मुभा असली पाहिजे. याच्या विरुद्ध मत आज बरेच लोकप्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम एक उदाहरण घेऊ. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉपने १९८६ साली 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले' हा खेळ काढला. त्याच्यासाठी लिहिलेली 'द एनिमी विदिन' ही कॅम्पेन त्याच वर्षी सुरू झाली. जिम बाम्ब्रा, फिल गॅलॅघर आणि ग्रेम डेव्हिस हे तिचे आरंभीचे लेखक. येथील 'साम्राज्य' सोळाव्या शतकातील जर्मन भूमीवर बेतलेले आहे : नदीकाठची व्यापारी शहरे, श्रेणी, वकील, सरदार, देवळे. सीमेबाहेर 'केऑस' नावाची विध्वंसक शक्ती आहे. पण कॅम्पेनचे नावच सांगते त्याप्रमाणे खरा शत्रू आत आहे. प्रतिष्ठित घरांतून त्या शक्तीचे गुप्त पंथ पसरलेले आहेत.

१९८७ साली आलेल्या 'शॅडोज ओव्हर ब्योगेनहाफेन' या दुसऱ्या भागात पात्रे एका जत्रेला जातात. तेथील खेळवाल्याचा तीन पायांचा गॉब्लिन पळून गटारात शिरतो आणि त्याला पकडण्याचे क्षुल्लक काम पात्रांकडे येते. गटारात त्यांना एक गुप्त खोली सापडते. जमिनीवर मंत्रवर्तुळ आखलेले, आत एक राक्षसी पहारेकरी. ते अधिकाऱ्यांना सांगतात, आणि अधिकारी प्रकरण दडपतात. हळूहळू एका धर्मादाय व्यापारी मंडळाचे नाव पुढे येते. त्याच्या आतल्या वर्तुळातील सभासदांना वाटते, आपण शहराच्या भरभराटीसाठी एक विधी करतो आहोत. तो विधी खरोखर कशासाठी आहे, हे एकाच माणसाला ठाऊक आहे. सभासदांपैकी एकाला शंका येते, तो पात्रांना भेटायला बोलावतो, आणि ते पोहोचतात तेव्हा त्याचा खून झालेला असतो. (ज्यांना हा भाग अजून खेळायचा आहे त्यांच्यासाठी नावे गाळली आहेत.)

या रचनेत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, कटात सामील असलेले बहुतेक जण स्वतःच फसवले गेलेले आहेत. अज्ञानाचे थर आहेत, म्हणून प्रत्येक साक्षीदार खरे बोलूनही अपुरे बोलतो. दोन, कट दडपण्याची प्रत्येक कृती नवा माग सोडते. साफ केलेली खोली हाही पुरावाच होतो. तीन, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, पात्रे चुकू शकतात. ती भलत्याच व्यापाऱ्याच्या मागे लागू शकतात, ज्या अधिकाऱ्यावर विश्वास ठेवू नये त्यावर ठेवू शकतात, आणि विधीची वेळ त्यांच्यासाठी थांबत नाही.

आता अडचणीकडे वळू. रहस्यकथेचा लेखक आणि गेममास्टर यांची परिस्थिती सारखी नाही. लेखकाचा गुप्तहेर योग्य ठिकाणी योग्य वस्तू पाहतो, कारण लेखक त्याला पाहायला लावतो. टेबलावरचा खेळाडू मात्र ती वस्तू ठेवलेल्या खोलीत जातच नाही. गेला तर दिवाणखाना पाहतो आणि टेबलाचा खण उघडत नाही. उघडला तर फासा उलटा पडतो. सारी कथा एका पत्रावर उभी असेल आणि ते पत्र हाती आलेच नाही, तर कथा तेथेच अडते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाची कथा लोकस्मृतीने एका अक्षरात कोंडली, 'ध' चा 'मा' झाला एवढ्यावर सारे संपवले. सांगायला अशी कथा फार सोयीची असते; परंतु ते एक अक्षर नजरेतून निसटले तर तपास करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

या अडचणीवर गेल्या काही दशकांत चांगले उपाय निघाले. रॉबिन लॉझ यांच्या 'गमशू' या नियमपद्धतीचा पहिला खेळ 'द एसोटेररिस्ट्स' २००७ साली आला. त्यातील कल्पना साधी आहे : कथा पुढे जाण्यासाठी अत्यावश्यक असलेला धागा फाशावर सोडू नये, पात्राकडे योग्य कौशल्य असेल आणि ते योग्य जागी पाहत असेल, तर धागा मिळालाच पाहिजे. खरा खेळ धागा मिळण्यात नसून त्याचा अर्थ लावण्यात आहे. पुढच्याच वर्षी जस्टिन अलेक्झांडर यांनी तीन धाग्यांचा नियम मांडला : खेळाडूंनी एखादा निष्कर्ष काढायला हवा असेल, तर त्याकडे नेणारे निदान तीन धागे ठेवावेत, एक निसटेल, दुसऱ्याचा अर्थ चुकेल, तिसरा कामी येईल. हे दोन्ही उपाय मला मान्य आहेत. त्यांत सत्य जागच्या जागी राहते आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा वाढतात.

तिसरा उपाय मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि तो गेममास्टर एकमेकांना अगदी सहज सुचवत असतात : खेळाडू आपसात तर्क करत असताना कान देऊन ऐका, त्यांचा तर्क तुमच्या उत्तरापेक्षा सरस निघाला, तर गुपचूप तोच खरा माना. म्हणजे सरायवाल्यावर संशय घेतला गेला, तर सरायवाला गुन्हेगार. खेळाडूंना आपण किती हुशार, असे वाटते. कथा अडत नाही. गेममास्टरचे काम हलके होते. 

या मताची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. रोलप्लेइंग गेम ही सामुदायिक निर्मिती आहे; मग उत्तरावर एकट्या गेममास्टरचा मालकी हक्क का असावा? जेसन कॉर्डोव्हा यांचा 'ब्रिंडलवुड बे' हा खेळ या विचाराला उघड नियमाचे रूप देतो. तेथे खुनी कोण हे आधी ठरलेलेच नसते, गेममास्टरलाही ते ठाऊक नसते. खेळाडू मिळालेल्या धाग्यांतून तर्क रचतात आणि तो खरा की नाही हे फासे ठरवतात. यात मला आक्षेपार्ह काही दिसत नाही, कारण करार सर्वांना ठाऊक आहे. आपण शोध घेत नसून गोष्ट रचतो आहोत, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असते. माझा आक्षेप शोधाचे सोंग घेऊन केलेल्या रचनेला आहे. खेळाडूंना सांगायचे की कट खरोखर आहे, शोधा. आणि त्यांनी बोट दाखवले तेथे कट उभा करायचा, हा करारभंग होय.

कोणी म्हणेल, खेळाडूंना कळणारच नाही, मग बिघडले काय? एक-दोनदा कळत नाही, हे खरे. पण दहा बैठकांनंतर त्यांच्या लक्षात येते की आपला अंदाज कधी चुकतच नाही. जो खेळाडू तारखा लिहून ठेवतो, दोन जबान्या ताडून पाहतो, आणि जो मनात येईल ते बोलतो, ते दोघे समान ठरतात. पुरावा ही वस्तू निरर्थक होते. अंदाज चुकूच शकत नसेल, तर तो बरोबर आला यालाही अर्थ राहत नाही.

आणखी गंभीर गोष्ट पुढेच आहे. वर सांगितलेल्या वॉरहॅमरच्या जगात चेटूकशोधक आहेत : गावोगाव फिरणारे, पंथीयांचा माग काढणारे, आणि संशयावरून माणसांना चितेवर चढवणारे. त्यांच्यामागे युरोपातील सोळाव्या-सतराव्या शतकांतील चेटकिणींच्या खटल्यांची स्मृती आहे. या जगाची भीषणता अशी की शत्रू खरोखर आत आहे, आणि तरीही त्याला शोधणारे निरपराधांना जाळतात. ही भीषणता टिकते ती निरपराध माणूस निरपराधच राहतो म्हणून. आता समजा, खेळाडूंनी चुकून सरायवाल्यावर संशय घेतला आणि गेममास्टरने त्या क्षणी सरायवाल्याला गुन्हेगार करून टाकले. या कथाविश्वाचा नियम काय झाला? संशय घेतला म्हणून तो दोषी ठरला. चेटूकशोधकाचे नेमके हेच तर म्हणणे असते! ज्या वृत्तीचे भयानक रूप दाखवण्यासाठी हे जग उभारले, तिलाच कथेच्या रचनेने खरे ठरवले. खेळाडूंना त्यांच्या चुकीच्या संशयाची किंमत दिसायला हवी होती. त्याऐवजी त्यांना शाबासकी मिळाली.

उम्बेर्तो एको यांनी १९८८ सालच्या 'फूकोज पेंड्युलम' या कादंबरीत हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला आहे. मिलानमधील प्रकाशनसंस्थेत काम करणारे तिघे गंमत म्हणून इतिहासातील सर्व गूढ मंडळांना जोडणारी एक महायोजना रचतात. तिचा आधार असलेला जुना कागद बहुधा व्यापाऱ्याची साधी यादी आहे, असे एका पात्राची सहचरी दाखवून देते. पण तोवर काही लोकांनी योजना खरी मानलेली असते, आणि शेवट मृत्यूत होतो. दोन वर्षांनी केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत एको यांनी अतिरेकी अर्थनिर्णयाचा प्रश्न सैद्धान्तिक पातळीवर मांडला. त्यांचा मुद्दा साहित्याच्या वर्गात परिचित आहे : एखाद्या संहितेचा सर्वोत्तम अर्थ कोणता हे सांगता आले नाही, तरी काही अर्थ ती झिडकारते, हे सांगता येते. कटकथेतल्या जगाकडूनही माझी एवढीच अपेक्षा आहे. त्याला 'नाही' म्हणता आले पाहिजे.

हा प्रश्न टेबलापुरता राहत नाही, हे २०१७ नंतर दिसून आले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत 'क्यूॲनॉन' हा कटसिद्धान्त सुरू झाला. इंटरनेटवर कोणी अनामिक त्रोटक, कोड्यासारखे संदेश टाकी आणि वाचक त्यांचे अर्थ लावीत. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर चालून गेलेल्या जमावात या सिद्धान्ताचे अनुयायी होते. त्याच्या आदल्या वर्षी रीड बर्कोविट्झ या गेम-रचनाकाराने त्यावर एक मार्मिक निबंध लिहिला होता. त्यांनी आपल्याच एका खेळातली हकिकत सांगितली. खेळाडू एका तळघरात धागा शोधत होते. जमिनीवर लाकडाचे काही तुकडे योगायोगाने असे पडले होते की त्यांचा बाण झाला, आणि तो एका कोऱ्या भिंतीकडे रोखलेला होता. खेळाडूंनी ठरवले की हाच धागा. मग त्यांचे लक्ष त्या भिंतीवरून हलेना. असंबद्ध गोष्टींत संबंध दिसण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रात 'ॲपोफेनिया' म्हणतात. बर्कोविट्झ यांचे निरीक्षण असे की प्रामाणिक रचनाकाराला ही प्रवृत्ती खेळातला अडथळा वाटते, तो खेळाडूंना भिंतीपासून दूर आणतो. क्यूॲनॉनमध्ये मात्र ही प्रवृत्ती हेच इंधन होते. तेथे भिंतीमागे काही आहे की नाही, याची कोणाला फिकीरच नव्हती.

तिसऱ्या उपायाच्या नादी लागलेला गेममास्टर नकळत हेच करत असतो. खेळाडू कोऱ्या भिंतीकडे पाहतात आणि तो घाईघाईने तिच्यामागे दार बसवतो. याचा अर्थ असा गेममास्टर समाजात विष कालवतो, असा मुळीच नाही. टेबलावर पाच माणसे असतात आणि रात्री सगळी आपापल्या घरी जातात. पण कोणताही कथनप्रकार त्यात रमणाऱ्यांना अर्थ लावण्याची एक सवय लावतो, हे आपण साहित्याचे शिक्षक मानतो, म्हणूनच शिकवतो. मग या प्रकाराने कोणती सवय लावावी, हे विचारायला हवे.

यात एक उपरोधही आहे. रोलप्लेइंग गेम स्वतःच एका कटसिद्धान्ताचा बळी ठरला होता. १९७९ साली मिशिगन राज्य विद्यापीठातील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा तो जमिनीखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळता खेळता हरवला असावा, असा तर्क एका खासगी गुप्तहेराने केला आणि वृत्तपत्रांनी तो उचलला. पुढे तो निराधार ठरला. तरी १९८० च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, अशी मोहीम अमेरिकेत चालली. १९८३ साली तिच्यासाठी एक संघटनाही निघाली. नियमपुस्तकातील राक्षसांची चित्रे, मुलांची टिपणे, फाशांचे चमत्कारिक आकार, सारे काही पुरावा म्हणून मोजले गेले. संशयालाच पुरावा मानले की काय होते, हे ज्यांनी सोसले, निदान त्यांच्या टेबलावर तरी ती रीत नसावी.

सत्य आधी ठरवले की खेळ बंदिस्त होतो, असा आक्षेप येईल. येथे एक भेद करायला हवा. भूतकाळ निश्चित असणे आणि भविष्यकाळ निश्चित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून, पुढे काय होते हे खेळूनच शोधावे, आधी ठरवू नये, हे तत्त्व सर्वत्र पसरले. ते योग्यच आहे. परंतु ते पुढे काय होईल याविषयी आहे. मागे काय घडले याविषयी त्याचा आधार घेऊ नये. कोणी कोणाला विष दिले हे ठरलेले असावे. ते उघडकीला येईल का, आल्यावर राजा काय करील, कटवाले एकमेकांवर उलटतील का, हे मोकळे असावे. कार्ल सार्जंट यांनी १९८८ साली लिहिलेला 'पॉवर बिहाइंड द थ्रोन' हा 'द एनिमी विदिन'चाच पुढचा भाग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. मिडनहाइम शहरात बुटक्यांवर, जादूगारांवर आणि देवळांवर अचानक नवे कर बसले आहेत. ते कोणी, का लादले? उत्सवाच्या आठवड्यात दरबारातील कोणती व्यक्ती कोणत्या वेळी कोठे असेल, याचे वेळापत्रक पुस्तकात दिले आहे. पात्रे कोणाला भेटतील, कोणाचा विश्वास मिळवतील, हे मात्र कोणीच ठरवलेले नाही. कटाला वेळापत्रक आहे, खेळाडूंना नाही.

चुकण्याच्या मुभेची जुनी आणि आपल्या अभ्यासक्रमांतून परिचित असलेली साक्ष विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त आहे. राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती पडते. तिच्या आधारे लिहवून घेतलेले पत्र, राक्षसाकडे पोहोचवलेले अलंकार आणि सिद्धार्थकाची जबानी या साऱ्यांतून मलयकेतूची खात्री होते की राक्षस फितूर आहे. त्याच्यापुढचे पुरावे एकमेकांशी जुळतात. त्याने अर्थ लावण्यात आळस केलेला नाही. तरीही तो चुकतो आणि आपला एकमेव निष्ठावंत साहाय्यक गमावतो. प्रेक्षकाला सत्य पहिल्या अंकापासून ठाऊक आहे, म्हणून या चुकीला वजन आहे. मलयकेतूच्या संशयानुसार राक्षस खरोखरच फितूर झाला असता, तर चूक उरली नसती आणि नाटकही उरले नसते. 

गेममास्टरने खेळाडूंना अडवून धरावे, असे यातून निघत नाही. उलट, सत्य पक्के असेल तर धागे मुक्तहस्ताने देता येतात, कारण ते परस्परांशी जुळतील याची चिंता नसते. बारीकसारीक तपशील आयत्या वेळी भरावेच लागतात : सरायवाल्याच्या बायकोचे नाव, मागच्या दाराचे कुलूप. मात्र कोण आणि का, या दोन उत्तरांना हात लावू नये. खेळाडू भलत्या वाटेने निघाले, तर त्या वाटेवरही जग असावे. सरायवाल्याच्या घराची झडती घेतली, तर त्याची कर्जे सापडावीत, भीती सापडावी, त्याच्या मुलीने पात्रांकडे पाहिलेले असावे. कट सापडू नये. पुढच्या बैठकीत खरा गुन्हेगार आणखी एक पाऊल पुढे गेलेला असावा, आणि त्या मुलीने गावात पात्रांविषयी काय सांगितले, हे त्यांच्या कानावर यावे.